मोठ्या दुखापतीनंतर खेळाडू मनाने कसे सावरतात?

वेदना सहन करायची सवय खेळाडूंना असते. जास्त बोचतं ते रिकामपण. रोजचा सराव बंद, संघ पुढे निघून गेलेला, आणि 'मी खेळाडू आहे' ही ओळखच डळमळलेली. चिडचिड, रडू येणं, झोप उडणं हे सगळं यात स्वाभाविक आहे. त्याला कमकुवतपणा म्हणू नका.

गुडघ्यातला एसीएल, म्हणजे सांधा स्थिर ठेवणारा अस्थिबंध, फाटल्याचं उदाहरण घ्या. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण 9 महिने किंवा जास्त लागतात. सुरुवातीला मांडीचा स्नायू इतका झपाट्याने बारीक होतो की दोन पायांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. अशा वेळी 'पुढची स्पर्धा' हे लक्ष्य माणसाला खचवतं. 'या आठवड्यात गुडघा पूर्ण सरळ करायचा' हे लक्ष्य हाताशी असतं. सरावाला जाऊन नुसतं बसलं तरी संघाशी नातं टिकतं.

खरी कसोटी मात्र परतताना लागते. पाय बरा झालेला असतो, पण उडी मारून त्याच पायावर उतरताना मन कचरतं. ही भीती फिजिओला उघड सांगा, गरज वाटली तर क्रीडा मानसतज्ज्ञाला भेटा. एका पायावरच्या उड्यांच्या चाचणीत दोन्ही पाय जवळपास सारखे आले की विश्वास वाढतो. तारखेकडे बघून घाई केली तर पुन्हा दुखापतीचा धोका वाढतो.

कुस्तीपटू विनेश फोगाट 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून बाहेर गेली होती. 2018च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं.