'स्थितिज' की 'स्थितीज'? आणि त्यातल्या 'ज'विषयी

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारले आहे : मुलगा नववीत आहे. त्याने उत्तरपत्रिकेत 'स्थितीज ऊर्जा' लिहिले आणि अर्धा गुण गेला. 'स्थिती' दीर्घ, मग 'स्थितिज' ऱ्हस्व का? शिवाय तो म्हणतो, स्थिर वस्तूची ती स्थितिज आणि हलत्या वस्तूची ती गतिज. हे बरोबर आहे का?

ताई, ऱ्हस्व-दीर्घाचे लवकर सांगून होते. संस्कृतात मूळ शब्द स्थिति, गति असे ऱ्हस्वच आहेत. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार आपण दीर्घ लिहितो, म्हणून सुटे शब्द स्थिती, गती. समासात तेच पहिले पद झाले की इकार शेवटी राहत नाही आणि मूळचा ऱ्हस्व परत येतो : गतिरोधक, बुद्धिबळ, परिस्थितिजन्य पुरावा. नदी मुळातच दीर्घ, म्हणून नदीकाठ दीर्घच राहतो. तेव्हा 'स्थितिज' बरोबर. रस्त्यावरच्या पाट्यांवर 'गतीरोधक' वाचून वाचून मुलांचा हात तसा वळतो, त्यात त्याचा फार दोष नाही.

आता 'ज'. हा 'जन्' धातूतून आला. अर्थ 'त्यापासून जन्मलेला'. पंकज चिखलात जन्मलेले, खनिज खाणीतून निघालेले, अनुज मागून जन्मलेला, गिरिजा पर्वताची लेक. मग गतिज म्हणजे गतीतून उपजलेली ऊर्जा आणि स्थितिज म्हणजे स्थितीतून उपजलेली. स्थितिज ऊर्जेसाठीची इंग्रजीतली 'पोटेन्शियल एनर्जी' ही संज्ञा रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने १८५३ साली वापरात आणली. तिचा रोख अंगी असलेल्या शक्यतेवर आहे, आपल्या शब्दाचा उगमावर. ऊर्जा कुठून आली ते आपला शब्द उघडच सांगतो, आणि मला तो म्हणूनच फार आवडतो. पाठ करून घेण्याआधी मुलांना तो एकदा फोडून दाखवायला हवा.

मुलाच्या गैरसमजाचे मूळही याच शब्दात आहे. स्थिती आणि स्थिर दोन्ही 'स्था' धातूचे, त्यामुळे स्थितिज म्हणजे स्थिर वस्तूची, असे त्याला वाटले. त्यात गंगापूर धरणाचे उदाहरण : धरणातले पाणी निवांत, दरवाज्यातून सुटलेले धावते. समज आणखी पक्का होतो.

त्याला रंगपंचमीच्या रहाडीवर न्या. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : रहाड म्हणजे जुन्या नाशकातला पेशवेकालीन हौद. वर्षभर बुजवलेला असतो, रंगपंचमीला उघडून रंगाच्या पाण्याने भरतात, आणि काठावरून त्यात 'धप्पा' मारतात. शनी चौकातली किंवा तिवंध्यातली रहाड त्याने पाहिली असेलच. हिशेबापुरते धरू की काठ पाण्यापासून २ मीटर उंच आहे, मुलाचे वस्तुमान ५० किलो आहे आणि त्याने नुसते अंग सोडून दिले. काठावर असताना पाण्याच्या पातळीच्या मानाने त्याची स्थितिज ऊर्जा (वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची) ५० × ९.८ × २, म्हणजे ९८० ज्यूल. निम्म्या उंचीवर आला की ४९० ज्यूल स्थितिज आणि ४९० गतिज. तिथे तो चांगलाच वेगात आहे, तरी स्थितिज ऊर्जा निम्मी शिल्लक आहेच. पाण्याला टेकताना सगळी ९८० गतिज (हवेचा रोध सोडून दिला तर). एकाच अंगात एकाच क्षणी दोन्ही असतात, म्हणून 'स्थिर वस्तूची ती स्थितिज' ही व्याख्या टिकत नाही.

मग 'स्थिती' म्हणजे काय? उंची, म्हणजे जागा, हा एक अर्थ झाला. पण गलोलीचे रबर ताणा. ते वर गेले नाही, खाली आले नाही, तरी खडा भिरकावण्याइतकी ऊर्जा त्यात आली. ती ताणलेल्या अवस्थेतून. जागा आणि अवस्था हे दोन्ही अर्थ 'स्थिती' या एका शब्दात मावतात. 'स्थानज' म्हटले असते तर गलोल बाहेर राहिली असती. संज्ञा निवडणाऱ्यांनी नेमका शब्द उचलला आहे.

हाच 'ज' प्रकाशाच्या धड्यातही भेटतो, 'क्षितिज' या शब्दात. क्षिति म्हणजे पृथ्वी. क्षितिज म्हणजे पृथ्वीपासून उपजलेले. इथेही ति ऱ्हस्वच. दहावीला प्रकाशाचे अपवर्तन येईल, तेव्हा मुलाला हे सांगा : हवेच्या थरांतून येताना किरण वाकतात, त्यामुळे क्षितिजाजवळचा सूर्य अर्ध्या अंशाहून किंचित जास्त वर उचललेला दिसतो. सूर्यबिंबाची रुंदीही साधारण अर्धा अंशच. म्हणजे बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा खरे तर अख्खे बिंब क्षितिजाखाली गेलेले असते. आपल्याकडे पश्चिमेला अंजनेरी-ब्रह्मगिरीचे डोंगर आडवे येतात, तेव्हा हे पाहायला त्याला एकदा समुद्रकिनारी न्यावे लागेल.