डिस्कोवरच्या तुझ्या लेखाविषयी

अनेक उत्तम आशीर्वाद.

डिस्को संगीतावरचा तुझा कच्चा खर्डा वाचला. भाषा नेटकी आहे आणि मेहनतही दिसते. मात्र लेखाची सुरुवात तू न्यूयॉर्कच्या 'स्टुडिओ ५४'च्या दारापासून केली आहेस, ती बदलावीस असे मला वाटते. तो क्लब एप्रिल १९७७मध्ये उघडला आणि तोवर डिस्कोची घडण जवळजवळ पुरी झाली होती. दाराशी ताटकळणारी गर्दी आणि आत शिरणारे नामवंत यांची छायाचित्रे मुबलक मिळतात, म्हणून लिहिणारे तिथेच रेंगाळतात.

तू १९७०पासून सुरुवात कर. त्या वर्षी डेव्हिड मॅन्कुसो यांनी मॅनहॅटनमधल्या आपल्या राहत्या जागेत निमंत्रितांसाठी नृत्याच्या रात्री सुरू केल्या. 'द लॉफ्ट' म्हणून पुढे गाजलेल्या त्या जागेत मद्य विकले जात नसे आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो, समलिंगी अशी सगळी माणसे एकत्र नाचत. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येच 'स्टोनवॉल' या समलिंगींच्या बारवर पोलिसांचा छापा पडून दंगल उसळली होती. दोन पुरुषांनी जोडीने नाचणे हेच जिथे पोलिसांना निमित्त पुरवत होते, तिथे अशी एक बिनधोक रात्र मिळणे म्हणजे काय, हे वाचकाला उमगले नाही तर डिस्को त्याला निव्वळ चंगळ वाटत राहील.

मग तालाकडे वळ, कारण तुझ्या खर्ड्यात चमचमते कपडे पुष्कळ आहेत आणि ड्रम कुठेच ऐकू येत नाही. फिलाडेल्फियाचे ड्रमवादक अर्ल यंग यांनी वाजवलेले १९७३चे 'द लव्ह आय लॉस्ट' ऐक. बास ड्रम चारही मात्रांवर सारख्या वजनाने पडतो आणि दर दोन मात्रांच्या मधोमध हाय-हॅटच्या झांजा क्षणभर उघडून 'त्स्स' करून मिटतात. निदान एकदा तरी गायकाकडे साफ दुर्लक्ष करून एवढेच ऐक.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तबकडीची आहे आणि तिला तू एक ओळही दिलेली नाहीस. सात इंची तबकडीवरचे तीन-चार मिनिटांचे गाणे नाचणाऱ्यांना पुरत नव्हते. नाचण्यासाठी गाणी लांबवून नव्याने बांधणारे टॉम मोल्टन सांगत असत, की सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या म्हणून ध्वनिमुद्रकाने एकदा त्यांचे गाणे मोठ्या तबकडीवर कोरायला घेतले आणि जागा आहेच तर चर, म्हणजे सुई जिच्यातून फिरते ती खाच, पसरून कोरा, असे मोल्टन यांनी सुचवले. चर विरळ झाले, खर्जाच्या मोठ्या हेलकाव्यांना जागा मिळाली आणि आवाज एकदम भरदार झाला. १९७६मध्ये 'टेन पर्सेंट' हे गाणे बारा इंची तबकडीवर बाजारात आले, तेव्हा वॉल्टर गिबन्स या डीजेने ते मुळापेक्षा कितीतरी लांबवले होते. गाण्याची लांबी आणि बांधणी गायक-वादकांऐवजी नाचणाऱ्यांची नस ओळखणारा माणूस ठरवू लागला, हा डिस्कोचा खरा वारसा आहे, असे माझे मत आहे.

शेवटी तू १२ जुलै १९७९ची शिकागोतली घटना देऊन 'डिस्को मेला' असे लिहितोस. बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोविरोधकांनी आणलेल्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला, हे खरे आहे. पण त्या रात्री तिथे कामावर असलेल्या विन्स लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाने नंतर सांगितले, की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्याही होत्या. त्याच शहरात डीजे फ्रँकी नकल्स 'वेअरहाउस' या क्लबमध्ये डिस्को वाजवत राहिले, त्यातून हाउस हे यंत्रांच्या ठेक्यावरचे नृत्यसंगीत उभे राहिले आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत याच लॉरेन्सचा हात होता.

मुंबईचा दुवा जोडायचाच असेल तर हिंदी चित्रपटातल्या नाचगाण्यांबरोबर चरणजित सिंग यांचाही विचार कर. चित्रपटसंगीतात वादक असलेल्या या गृहस्थांनी १९८२मध्ये रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या खर्जाचे सूर काढणाऱ्या आणि टीआर-८०८ या ड्रमचे ठेके देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. शिकागोच्या ॲसिड हाउस या हाउसच्याच उपशैलीत १९८७च्या सुमारास तेच टीबी-३०३ घुमू लागले, म्हणून सिंग यांना त्या शैलीचे जनक म्हणण्याचा मोह होतो. तो टाळ, कारण तिथल्या मुलांनी त्यांची तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. त्यांचा भैरव मात्र जरूर ऐक आणि खर्डा नव्याने लिहून पाठव.