प्रतिनियुक्तीवर जाताय? आधी गोपनीय अहवालांचं बघा

विट्याच्या भाऊंची पोस्ट वाचली. सांगलीला महसूल सहायक, ई-फेरफारचं (सातबारावरच्या फेरफार नोंदींची ऑनलाइन प्रणाली) सगळं काम अंगावर, आणि आता मुंबईच्या शासकीय आयटी महामंडळात प्रतिनियुक्ती, म्हणजे काही काळापुरती नेमणूक, मिळतेय, तर जावं का? मीही साताऱ्यातून असाच गेलो होतो. माझं मत, जा.

ना-हरकत, धारणाधिकार (मूळ पदावरचा हक्क) वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच. महामंडळ म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवेच्या 1981 च्या नियमांनुसार स्वीयेतर सेवा, म्हणजे शासनाबाहेरची, तेव्हा रजा वेतन अंशदान (रजेच्या पगारापोटी शासनाकडे भरायची रक्कम) कोण भरणार हे आदेशातच लिहून घ्या. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागला असाल तर एनपीएसचा, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचा, शासनाचा हिस्साही.

मला नडले ते गोपनीय अहवाल, साहेब दरवर्षी आपल्या कामाबद्दल लिहितात ते. परत आल्यावर आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती नसली तरी ठरावीक वर्षांनी वरचं वेतन) 20 वर्षांचा लाभ लागू होत होता, आणि त्याला हे अहवाल लागतात. आस्थापना शाखा म्हणाली, मुंबईच्या वर्षांचे अहवाल नाहीत. मुंबईवाले म्हणाले, कधीच पाठवले. इथल्या बाईंनी आवक रजिस्टर माझ्यासमोर धरून पानं उलटली, "बघा तुम्हीच, आहे का? जावक क्रमांक आणा." तिकडे जावकचा माणूस रजेवर. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण तिथल्याच लोकांना मी ई-ऑफिस शिकवलं होतं! शेवटी मुंबईत माहिती अधिकारात जावक नोंदीची प्रत मागितली. ती हातात पडल्यावर लिफाफा इथल्याच कपाटात निघाला, न फोडलेला. लाभ मिळाला, पण तोवर माझ्या मागून लागलेले दोघे तो घेऊन बसले होते.

म्हणून दरवर्षी स्वयंमूल्यांकन दिलं की प्रतीवर पोच घ्या. साहेबांची बदली लागल्याचं कळलं की त्याच आठवड्यात अहवाल लिहून घ्या, एकदा ते गेले की कोण कुणाला विचारतो. जाण्याआधी सेवापुस्तकाचं पान न् पान स्कॅन करून ठेवा.

आणखी एक, कुणाला पटो न पटो. जिल्ह्यात तंत्रज्ञानाच्या कामाला स्वतःची शिडी नाही. एनआयसीचे (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) अधिकारी केंद्राचे, बाकी बहुतेक कंत्राटी. री-एडिटच्या, म्हणजे संगणकीय सातबारा दुरुस्तीच्या, वेळी सर्व्हर रात्रीच जरा हलायचा, तेव्हा तलाठ्यांसोबत आम्हीही जागलो. त्याचं कौतुक भाषणात झालं, ज्येष्ठता यादीत नाही. तुम्ही पदोन्नतीने अव्वल कारकून, नायब तहसीलदार होणार ते महसूलच्याच रांगेतून. पदोन्नतीसाठीची महसूल अर्हता परीक्षा राहिली असेल तर आधी ती काढा, मग मुंबई.

मी महसूलचा, जिल्हा परिषदेचं गणित वेगळं असतं. शासन निर्णयही बदलतात, तेव्हा ताजा बघूनच पाऊल टाका.

बिऱ्हाड सांगलीतच ठेवणार असाल तर रविवारी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस बरी पडते, सकाळी उतरून थेट ऑफिस गाठता येतं. तिकीट मात्र आधीच काढा, दिवाळीत वेटिंगच्या भरवशावर राहू नका.