दाढेत सोनं भरावं की पोर्सेलिन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खालची शेवटून दुसरी दाढ, तिच्यात फार वर्षांपूर्वी भरलेली चांदी फुटून अर्धी निघाली. नस शाबूत आहे, रूट कॅनल लागणार नाही. डॉक्टर म्हणाले, सोन्याचा इनले (बाहेर घडवून दाढेच्या खड्ड्यात बसवायचा तुकडा) करा नाहीतर दाताच्या रंगाच्या पोर्सेलिनचा, काय ते तुम्ही ठरवा. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की झोपेत दात खाता, असं घरचे सांगतात. माझ्यासाठी सगळं उत्तर त्या शेवटच्या वाक्यात आहे. झोपेत दात खाणाऱ्याच्या मागच्या दाढेला, खर्च झेपत असेल तर, सोनंच.

मी दंतवैद्य नाही, नागपुरातल्या एका डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर दाताचं माप घेऊन पाठवतात आणि त्यात बसणारा तुकडा आम्ही घडवतो. दोन्ही गोष्टी माझ्या रोजच्या हातातल्या. तुटून परत आलेले तुकडेही आम्हालाच बघावे लागतात, आणि त्यात सोन्याचे जवळजवळ नसतातच.

आधी एक गैरसमज. इतवारीच्या सराफ्यातून चोख सोनं आणून देतो, तेच भरा, असं म्हणणारी मंडळी आपल्याकडे अजून आहेत. ते चालत नाही. चोवीस कॅरट सोनं चावण्याच्या जोराखाली दबतं, आणि दागिन्याच्या सोन्यात जोडकामाची झाळ वगैरे काय मिसळलंय ते सांगता येत नाही. दाताचं सोनं म्हणजे सोनं, चांदी, तांबं आणि थोडं पॅलेडियम किंवा प्लॅटिनम यांची ठरलेल्या प्रमाणातली मिश्रधातू. इनलेसाठी त्यात सोनं साधारण तीन चतुर्थांश असतं. लहान इनलेला दीड-दोन ग्रॅम लागतं, दाढेचे उंचवटे झाकायचे तर थोडं जास्त. आजच्या भावात ते जड जातं, हे खरंच आहे.

मग त्या पैशांत मिळतं काय? ही मिश्रधातू दाताच्या इनॅमलपेक्षा, म्हणजे वरच्या कडक थरापेक्षा, मऊ असते. म्हणून वरच्या दाढेशी रात्रभर घासली तरी ती वरच्या दाढेला झिजवत नाही, स्वतः किंचित झिजते. पोर्सेलिन इनॅमलपेक्षा कडक. त्याचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असेल तोवर ठीक, पण खडबडीत झाला की समोरच्या दाताला कानशीसारखा घासतो. दात खाणाऱ्याचा वरचा निरोगी दात असा झिजलेला मी साच्यांवर पाहिलाय, आणि ते पाहून खरंच वाईट वाटतं. नीट दात होता तो.

दुसरी गोष्ट जाडीची. सोनं एक-दीड मिलिमीटरमध्ये निभावून नेतं. पोर्सेलिनला दीड ते दोन मिलिमीटर हवेत, म्हणजे तेवढा तुमचा चांगला दात जास्त कोरावा लागतो. शिवाय सोनं जोर आला की किंचित दबतं, पोर्सेलिन दबत नाही, एका क्षणी तडकतं.

तिसरी गोष्ट कडेची, आणि माझा सगळा जीव तिथेच अडकलेला असतो. फिलिंगची कड आणि दात यांच्यात जी फट राहते, तिथूनच पुन्हा कीड लागते. सोन्याचा इनले आम्ही आधी मेणात घडवतो. साच्यातल्या दाताच्या कडेला ते मेण इतकं पातळ नेतो की बोटाच्या उबेनेही ते सरकतं. मग त्याभोवती खास मसाला, म्हणजे भट्टीची उष्णता सोसणारं साच्याचं मिश्रण, ओतायचा, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं सोनं सोडायचं. १९०७ साली अमेरिकेतल्या विल्यम टॅगार्ट या दंतवैद्याने ही पद्धत लोकांपुढे मांडली. आजही मूळ कृती तीच आहे. थंड होताना सोनं सुमारे दीड टक्का आक्रसतं आणि तेवढाच तो मसाला फुगावा लागतो. हे जमलं की तुकडा दाढेत हलका टक् करून बसतो, आणि शेवटी डॉक्टर ती पातळ कड दातावर घासून आणखी चिकटवून घेऊ शकतात. पोर्सेलिनच्या कडेवर असं काही करता येत नाही.

आता पोर्सेलिनची बाजूही मनापासून सांगतो, कारण ते वाईट नाही. हल्ली पोर्सेलिन म्हणून बहुतेकदा लिथियम डायसिलिकेट हे काचेच्या जातीचं सिरॅमिक देतात. त्याचा ठोकळा आधी जांभळट असतो, मशीनवर कोरून भट्टीत घातला की दाताचा रंग घेऊन बाहेर येतो. जुन्या पोर्सेलिनपेक्षा तो कितीतरी मजबूत, आणि दाताला इतका चिकटतो की उरलेल्या भिंतींनाही आधार मिळतो. हसताना दिसणाऱ्या दाताला मी सोनं सुचवणारच नाही. गार पाणी, गरम चहा यांची सणकही सुरुवातीला सोन्यात जास्त जाणवते, कारण ते उष्णता पटकन वाहून नेतं. समोर किंवा शेजारी जुनी चांदी असेल तर सोन्याला लागून विजेसारखा झटकाही बसू शकतो; ते डॉक्टरांना आधीच दाखवा.

पोर्सेलिन ठरलं तर दोन गोष्टींवर अडून बसा. चिकटवताना दात पूर्ण कोरडा हवा, म्हणून रबर डॅम (दाताभोवती ताणून लावायचा रबराचा पातळ पडदा) लावतात का, ते विचारा. आणि बसवल्यावर चावा जुळवण्यासाठी घासलं, तर पुन्हा पॉलिश केल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. वरचा दात झिजतो तो बहुधा याच राहून गेलेल्या पॉलिशमुळे.

काहीही निवडलंत तरी इनले की ऑनले, हे नक्की विचारा. जुनी चांदी मोठी असेल आणि भिंती पातळ उरल्या असतील तर आत ठोकलेला इनले पाचरीसारखा भिंती फाकवतो. दात खाणाऱ्याला उंचवटे झाकणारा ऑनले बरा. सोबत नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं आवरण, तेही लागेलच. आणि खर्रा-सुपारीची सवय असेल तर त्या दाढेवर सुपारी फोडणं आजपासून बंद. पोर्सेलिन त्यानेच सर्वांत आधी जातं.

सोन्याचं कास्टिंग करणारे हात आता कमी झालेत. डॉक्टरांना विचारा, काम कुठल्या लॅबला जाणार आणि धातूचं प्रमाणपत्र मिळेल का. स्वस्तातली 'सोनेरी कॅप' म्हणजे बहुधा साध्या धातूवर टायटॅनियम नायट्राइड या सोनेरी दिसणाऱ्या पदार्थाचा थर असतो, तिला सोनं समजू नका. मनात शंका उरली तर मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाढ दाखवून दुसरं मत घ्या. पण फार दिवस लावू नका. अर्धी चांदी निघालेल्या दाढेची पातळ भिंत दात खाताना केव्हाही तुटू शकते, आणि ती हिरडीखाली तुटली तर इनलेचा विषयच संपतो. तोवर निदान तात्पुरतं सिमेंट भरून घ्या आणि दुसऱ्या बाजूने चावा.