मूडलमध्ये सगळ्यात कमी मार्कांची क्विझ कशी वगळायची

मॅडम, तुम्ही विचारलंत की मूडलमध्ये (ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली) प्रत्येक मुलाची सगळ्यात कमी मार्कांची एक क्विझ हिशेबातून कशी वगळायची. घाबरू नका, आधी फक्त दोन-तीन गोष्टी नीट करा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास पाऊस, लाईट जाणं, गोव्यातल्या सत्तरी तालुक्याकडच्या मुलांना रेंज नसणं हे दरवर्षीचंच, म्हणून एक क्विझ सोडून द्यायचा तुमचा विचार मला मनापासून पटला.

- सगळ्या क्विझ ग्रेडबुकमध्ये (मार्कांच्या नोंदवहीत) एका वेगळ्या कॅटेगरीत टाका आणि 'ड्रॉप द लोएस्ट' समोर 1 लिहा. असाइनमेंट त्यात नको, नाहीतर तीच उडू शकते.
- प्रत्येक क्विझ सारख्याच मार्कांची ठेवा. एक 10 ची, एक 25 ची असली की भलतंच काहीतरी वगळलं जातं.

नवीन लोक सगळ्यात जास्त चुकतात ते रिकाम्या जागेत. 'एक्सक्लूड एम्प्टी ग्रेड्स' चालू असेल तर न दिलेली क्विझ धरतच नाही. समजा 10-10 मार्कांच्या पाचपैकी तीनच दिल्या, 8, 7, 9, तर त्यातला 7 पण जातो आणि मुलगा 20 पैकी 17 वर, म्हणजे 85 टक्के! आणि पाचही देऊन 8, 7, 2, 9, 6 मिळवणारी मुलगी 40 पैकी 30 वर, 75 टक्के. हा अन्याय आहे हो, म्हणून तो टिक काढा, म्हणजे न दिलेली क्विझ शून्य धरली जाईल, पण क्विझ सगळ्या होऊन गेल्यावरच, नाहीतर मधेच शून्य दिसून मुलं घाबरतात.

वेटेज, फॉर्म्युले आता नकोत. एका मुलाचा हिशेब कागदावर करून स्क्रीनशी जुळवून बघा, जुळलं नाही तर इथे टाका, आपण बघूया.