पेटंटच्या नोटिशीला उत्तर देण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

कुडाळच्या एमआयडीसीत तू बनवतोस त्या काजू कटिंग मशीनवर पेटंटभंगाची नोटीस आलीय: 15 दिवसांत परवाना शुल्क भरा, नाहीतर कोर्टात खेचू. तूर्तास पैसे भरू नकोस आणि फोनवर सारवासारवही करू नकोस. ‘आम्हीही तसंच करतो’ एवढं व्हॉट्सॲपवर लिहिलंस तरी तेच उद्या पुरावा म्हणून समोर येईल.

आधी नोटिशीतला नंबर पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर घालून बघ, त्याला पैसे पडत नाहीत. पुष्कळदा तो नुसत्या अर्जाचा निघतो. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पण पेटंट मंजूर होईपर्यंत त्यावर दावा लावता येत नाही. मंजूर असेल तर नूतनीकरणाची फी भरलीय का तपास. ती चुकली की पेटंट बंद पडतं. मात्र 18 महिन्यांत ते पुन्हा चालू करून घेण्याचा अर्ज करता येतो, तेव्हा लगेच निर्धास्त होऊ नकोस. नंबर अमेरिकेचा किंवा चीनचा असेल, तर भारतात विकलेल्या मशीनला तो लागू नाही.

मग क्लेम वाच, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागितलाय ते सांगणारी पेटंटमधली वाक्यं. लोक आकृत्या आणि सारांश बघूनच घाबरतात. हक्क ठरतो तो पेटंटच्या शेवटी दिलेल्या क्लेममधल्या शब्दांनी. पहिल्या क्लेमचे तुकडे पाड: बी धरायचा साचा, दोन वक्र पाती, पाती दाबणारा सिलिंडर, टरफल वेगळं करणारी चाळण. प्रत्येकासमोर तुझ्या मशीनमध्ये काय आहे ते लिही. साधारणपणे सगळे घटक जुळले तरच भंग होतो. चाळणच नसेल तर तुझी बाजू भक्कम. पण बोल्टच्या जागी स्क्रू लावून सुटका होत नाही. तेच काम त्याच रीतीने होतंय का, हे कोर्ट बघतं.

तिसरं काम चिकाटीचं. त्या पेटंटच्या अग्रक्रम तारखेआधी (म्हणजे त्या शोधाचा पहिला अर्ज केला त्या तारखेआधी) असंच मशीन कुणी विकलं, वापरलं किंवा छापलं होतं का? वेंगुर्ला-मालवणकडच्या जुन्या काजू कारखान्यांची तारखेची बिलं, जुने कॅटलॉग, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची प्रकाशनं धुंडाळ. तारीख नसलेला फोटो फारसा उपयोगी पडत नाही. असा पुरावा मिळाला, तर पेटंट मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षाच्या आत कार्यालयातच विरोध नोंदव. वर्ष उलटलं असेल, तर रद्द करून घ्यायला उच्च न्यायालय. त्यांनी जिल्हा न्यायालयात दावा लावला आणि तू रद्द करण्याचा प्रतिदावा केलास, तर सगळंच प्रकरण उच्च न्यायालयात जातं. तुझं न ऐकता तात्पुरती मनाई मिळू नये म्हणून आत्ताच कॅव्हेट, म्हणजे ‘आधी माझं ऐका’ असा कोर्टाला अर्ज, दाखल कर. ते 90 दिवस चालतं.

पेटंट कायद्याच्या कलम 106 खाली बिनबुडाच्या धमकीविरुद्ध तूही दावा लावू शकतोस. नुसतं ‘आमचं असं पेटंट आहे’ असं कळवणं मात्र धमकी धरत नाहीत.

समोरचा मशीन बनवतो का, हे फॉर्म 27 मध्ये दिसेल. पेटंटचा भारतात वापर होतो की नाही, ते त्यात कळवावं लागतं. बनवत नाही म्हणून त्याला लगेच ट्रोल, म्हणजे नुसत्या पेटंटच्या धाकावर पैसे उकळणारा, म्हणू नकोस. विद्यापीठंही स्वतः मशीन बनवत नाहीत, परवाने देतात, आणि तो सरळ धंदा आहे. ट्रोलचं गणित वेगळं: मागणी वकिलाच्या खर्चापेक्षा थोडी कमी ठेवायची, म्हणजे लढण्यापेक्षा भरणं स्वस्त वाटतं. ब्लॅकबेरी फोनच्या कंपनीने 2006 साली 61 कोटी 25 लाख डॉलर मोजून पेटंटभंगाचा वाद मिटवला, तोही वादातल्या पेटंटांची फेरतपासणी चालू असताना. सेवा बंद पडण्याची भीती त्यामागे होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ईबे या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीच्या खटल्यात ठरवलं की भंग सिद्ध झाला तरी मनाई हुकूम आपोआप मिळणार नाही.

क्लेमचा तक्ता आणि बिलं घेऊन पेटंट एजंटकडे जा, उत्तर वकिलाकडून मुदतीत पाठव. आणि तुझ्या नव्या पात्याची रचना खरंच वेगळी असेल, तर ती प्रदर्शनात मांडण्याआधी तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज टाक. व्यक्तीला ऑनलाइन 1,600 रुपये लागतात, आणि पूर्ण तपशील 12 महिन्यांत द्यावा लागतो.