पहिल्याच महिन्यात आपटलेला बेसबॉलपटू पुढे चालेल का, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: मोठा गाजावाजा होऊन मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, आलेला एखादा पोरगा सुरुवातीलाच आपटला, तर तो मुळातच कच्चा आहे की त्याला फक्त वेळ द्यायला हवा, हे कसं ओळखायचं?

नुसती सरासरी बघून ओळखता येत नाही. तो बाद कसा होतोय ते बघितलं तर थोडंफार कळतं, आणि तरीही चुकतं. मी २०१३ पासून बाल्टिमोरला आहे, इथल्या ओरिओल्स क्लबच्या नादी लागलोय, आणि या विषयात छातीठोक बोलून तोंडघशी पडण्याचा मला दांडगा अनुभव आहे.

आमच्याकडचंच उदाहरण घेतो. जॅक्सन हॉलिडे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, पहिल्या क्रमांकावर निवडलेला, बाप मॅट हॉलिडे स्वतः मोठा बॅटर. देशातला एक नंबरचा होतकरू म्हणून नाव झालेलं. १० एप्रिल २०२४ ला, विसाव्या वर्षी, तो बॉस्टनमध्ये पहिली मॅच खेळला. हिट नाही, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं जमलं नाही. दुसऱ्या मॅचला नाही, तिसऱ्या मॅचलाही नाही. १४ तारखेच्या रविवारी आम्ही कॅम्डन यार्ड्सला, ओरिओल्सच्या स्टेडियममध्ये, वरच्या स्वस्तातल्या जागांवर बसलो होतो. त्याला पहिली हिट मिळाली तेव्हा सगळं स्टेडियम असं उभं राहिलं, जणू फायनल जिंकलीय. साधी सिंगल, एका बेसची हिट, होती हो! माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी डोळे पुसले. मला हसू आलं आणि जरा पोटात गोळाही आला, कारण विशीतल्या पोराच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवलंय ते तेव्हा दिसलं.

दहा मॅचेसनंतर हिशोब असा होता: ३४ खेपा, २ हिट, सरासरी ०.०५९. क्लबने त्याला परत नॉरफोकला, खालच्या मायनर लीगमध्ये धाडलं.

आता क्रिकेटच्या चष्म्यातून बघणाऱ्यांसाठी एक खुलासा. इथे ०.३०० म्हणजे बॅट घेऊन दहा खेपा आलात तर तीनदा हिट, आणि तेवढ्यावर माणूस स्टार होतो. म्हणजे उत्तम खेळाडूही दहातून सातदा हात हलवत परततो. त्यात सीझन १६२ मॅचेसचा, नियमित खेळणाऱ्याच्या पाचशेच्या वर खेपा होतात. तेव्हा ३४ खेपांतल्या २ हिट हा आकडा ऐकायला भयंकर, पण त्यावरून निकाल लावणं म्हणजे भाताच्या एका शितावरून पंगत रद्द करणं.

पण त्याच ३४ खेपांत १८ स्ट्राइकआउट होते, म्हणजे चेंडू खेळात न घालताच बाद. हा आकडा मात्र मला खटकला होता. कसं आहे, चेंडू बॅटला लागल्यावर तो कुणाच्या हातात जाईल यात नशिबाचा वाटा मोठा. बॅटला चेंडू लागतो का आणि कोणता चेंडू सोडायचा हे कळतं का, यात नशीब फारसं नाही. म्हणून हे दोन आकडे, स्ट्राइकआउट आणि वॉक (चार वाईट चेंडू सोडून मिळालेला फुकटचा बेस), लवकर खरं बोलायला लागतात. सरासरी खरं बोलायला महिनोन्‌महिने घेते. हॉलिडेच्या बाबतीत मला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं ते एवढंच: वेगवान चेंडू वरून सुटून जायचा आणि बॅट त्याच्याखालून, उशिरा. मायनरमधले पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, हा चेंडू दहातून चारदा चुकीच्या जागी टाकतात असं धरा. वरचे पिचर एकदा वर्म सापडलं की रोज तिथेच घाव घालतात.

याउलट आमचाच गनर हेंडरसन. २०२३ च्या सुरुवातीला त्याची सरासरी ०.२०० च्या आसपास रखडलेली, आणि आमच्या ऑफिसात त्याला खाली पाठवा म्हणून बोंब. पण तो वाईट चेंडूंना हात लावत नव्हता, वॉक भरपूर घेत होता. म्हणजे नजर शाबूत होती. वर्षअखेर २८ होमर (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) आणि एकमताने ‘रूकी ऑफ द इयर’, वर्षातला सर्वोत्तम नवखा. हे मी आधीच ओळखलं होतं, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

ज्यांना खोलात जायचंय त्यांनी चेंडू बॅटवरून किती वेगाने निघतो तेही बघावं. २०१५ पासून प्रत्येक फटक्याचा वेग सगळ्यांना बघायला मिळतो. ताशी ९५ मैल, म्हणजे साधारण १५३ किलोमीटरच्या वर जाणारे फटके कुणाच्या तरी ग्लोव्हमध्ये जात असतील, तर धीर धरावा. हळू, घरंगळणारे फटकेच निघत असतील तर काळजी करावी.

हे सगळं सांगून झाल्यावर ॲरन जज आठवतो आणि माझा नियम कोसळतो. न्यूयॉर्क यांकीजकडून २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला, पहिल्याच खेपेला होमर मारला, आणि मग ८४ खेपांत ४२ स्ट्राइकआउट. बरोब्बर निम्मे! सरासरी ०.१७९. माझ्या हिशोबाने हा गेलाच होता. पुढच्या वर्षी त्याने ५२ होमर मारले, २०२२ मध्ये ६२. स्ट्राइकआउट २०१७ मध्येही २०८ होतेच, पण बाकीच्या खेपांना काय करायचं ते त्याला उमगलं होतं.

पिचरांचं तर विचारूच नका. त्यांचा इआरए म्हणजे नऊ इनिंगमागे त्यांच्या माथी पडलेल्या धावा. चारच्या आसपास ठीक, तीनच्या खाली उत्तम. २००० साली टोरंटोच्या रॉय हॅलाडेचा इआरए होता १०.६४. २०११ मध्ये आमच्या ब्रायन मॅटझचा होता १०.६९. आकडा जवळजवळ तोच, दोघेही पहिल्या फेरीत निवडलेले, दोघांवर क्लबच्या सगळ्या आशा. हॅलाडेचा हात चांगला होता, पण चेंडू सरळ येत होता, मोठ्या बॅटरांना प्रसादासारखा. त्याला पार खाली, सिंगल-ए पातळीच्या ड्युनिडनला पाठवलं. तिथे मेल क्वीन या प्रशिक्षकाने त्याच्या हाताचा कोन खाली आणला, चेंडू वळायला लागला, आणि २००३ मध्ये तो साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, घेऊन बसला. मॅटझचं दुखणं वेगळं होतं. दुखापत झाली आणि फास्टबॉलचा वेगच उतरला. पुढे तो डावखुऱ्या बॅटरांना रोखणारा बदली पिचर म्हणून काही वर्षं चांगला खेळला, पण ज्या अपेक्षेने आणला होता ते झालं नाही. म्हणून पिचर फसला की मी आधी वेग बघतो. वेग आहे आणि मार खातोय, तर दुरुस्ती होऊ शकते. वेगच गेला असेल तर अवघड.

आणि दुरुस्ती कोण करणार, हाही प्रश्न आहेच. मी इथे आलो त्या २०१३ च्या जुलैत ओरिओल्सने पिचर जेक अरिएटाला शिकागो कब्सच्या गळ्यात मारलं. आमच्याकडे चार सीझन्समध्ये त्याचा इआरए ५.४६. वेग होता, हात होता, पण इथे त्याचा सूर लागला नाही. ऑफिसातला एक जण मला तेव्हा बेसबॉल शिकवत होता, तो म्हणाला, ‘बरं झालं, ब्याद गेली.’ २०१५ मध्ये अरिएटाने २२ मॅचेस जिंकल्या, इआरए १.७७, साय यंग. आमच्या क्लबने माणूस ओळखण्यात चूक केली की त्याला हाताळण्यात, यावर इथे अजून भांडणं होतात. माझं मत दुसऱ्या बाजूला.

उलटही होतं बरं का. एंजल्सचा ब्रँडन वुड २००५ मध्ये मायनरला ४३ होमर मारून आला होता. २०१० मध्ये त्याला भरपूर खेळवलं, सरासरी ०.१४६, आणि वॉक नाहीतच जवळजवळ. समोर येईल त्यावर बॅट. तो काही सावरला नाही. पुढे महान ठरलेल्या विली मेजला सुरुवातीच्या २६ खेपांत एकच हिट मिळाली ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. वुडसारख्यांची कुणी सांगत नाही, आणि संख्येने तेच जास्त असतात.

हॉलिडेचं काय झालं ते राहिलंच. ३१ जुलै २०२४ ला त्याला परत वर आणलं आणि त्याच दिवशी त्याने बेसेस भरलेले असताना होमर मारला, चेंडू स्टँडपलीकडे थेट युटॉ स्ट्रीटवर. मी त्या रात्री लगेच तीन जणांना ‘बघा, म्हटलं नव्हतं!’ असे मेसेज पाठवले. सीझनअखेर सरासरी ०.१८९. मेसेजना तेव्हा उत्तरं आली. २०२५ मध्ये १७ होमर, ०.२४२. पास म्हणाल की नापास? तो सीझन संपला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. जज पहिली मॅच खेळला तेव्हा चोवीसचा होता.